समान गाभा, भिन्न चिप : लघु आर्म मायक्रोकंट्रोलरांचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

ॲकॉर्न, ॲपल व व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या तीन कंपन्यांच्या भागीदारीतून १९९० मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळ आर्म कंपनीची स्थापना झाली. स्वतः चिप न बनविता प्रोसेसरच्या गाभ्याचा आराखडा परवान्याने उत्पादकांना देण्याचे धोरण तिने अवलंबिले. एकाच गाभ्यावर आधारलेल्या निरनिराळ्या उत्पादकांच्या चिप परस्परांना पर्याय ठरतात काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

आर्म-७ चा कालखंड

२००३ च्या सुमारास फिलिप्सची एलपीसी२१०० मालिका आणि पाठोपाठ ॲटमेलची सॅम७एस मालिका बाजारात आली. दोहोंचा गाभा आर्म७टीडीएमआय हाच होता. परंतु इंटरप्टची व्यवस्था गाभ्याबाहेर, म्हणजेच उत्पादकाच्या अखत्यारीत होती. फिलिप्सने त्यासाठी व्हीआयसी, तर ॲटमेलने एआयसी हा नियंत्रक वापरला. परिणामी, एका चिपसाठी लिहिलेला इंटरप्टचा प्रोग्रॅम दुसरीसाठी नव्याने लिहावा लागे.

कॉर्टेक्स-एम आणि प्रमाणीकरण

२००४ मध्ये जाहीर झालेल्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये इंटरप्ट नियंत्रक गाभ्याचाच भाग झाला. या गाभ्यावरील पहिला मायक्रोकंट्रोलर ल्युमिनरी मायक्रो या अमेरिकन कंपनीने २००६ मध्ये आणला. ८ किलोबाइट फ्लॅश असलेल्या या चिपची घाऊक किंमत १ डॉलर होती. म्हणजे ३२-बिट प्रोसेसर ८-बिट चिपच्या किमतीला येऊन भिडला. २००७ मध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एसटीएम३२ मालिका आली. २००८ मध्ये आर्मने सीएमएसआयएस हे प्रमाणक जाहीर केले व गाभ्यातील रजिस्टरांची नावे सर्व उत्पादकांसाठी एकसारखी झाली.

मात्र पोर्ट, टायमर व सिरियल संपर्क हे घटक उत्पादकांकडेच राहिले. एलपीसी२१०० मध्ये पिन १ किंवा ० करण्यासाठी दोन स्वतंत्र रजिस्टरे आहेत. एसटीएम३२एफ१०३ मध्ये एकाच रजिस्टरचे दोन अर्धे भाग ही कामे करतात आणि त्याआधी पोर्टचे क्लॉक सुरू करावे लागते. चीनच्या गिगाडिव्हाइसने २०१३ मध्ये आणलेल्या जीडी३२ मालिकेत पिनरचना व रजिस्टरे एसटीएम३२एफ१०३ शी बव्हंशी जुळती ठेवली. २०२०-२२ च्या चिपटंचाईत ही जुळणी मोलाची ठरली. तथापि, कमाल वेग ७२ ऐवजी १०८ मेगाहर्ट्झ असल्याने वेळेवर अवलंबून असणारे प्रोग्रॅम पुन्हा तपासणे अपरिहार्य असते.

निष्कर्ष

गाभ्याच्या प्रमाणीकरणाने उत्पादकांमधील भेद नाहीसा झाला नाही. तो गाभ्याच्या परिघावर सरकला. म्हणून चिपची तुलना केवळ गाभ्याच्या नावावरून करणे अपुरे होय. दुसरे असे की, ल्युमिनरी २००९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे, तर ॲटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेली. उत्पादक बदलले, पण आर्मचा गाभा टिकला. अध्यापनात एखादी विशिष्ट चिप साधन म्हणून वापरणे अटळ आहे. तथापि विद्यार्थ्याला गाभ्याचे कोणते आणि उत्पादकाचे कोणते, हा विवेक दिला नाही, तर चिपबरोबर त्याचे ज्ञानही कालबाह्य होईल.