घरात पाहुणे, मांजर कुठे?

गणपतीत किंवा महडच्या वरदविनायकाच्या माघी उत्सवात कर्जत-खालापूरकडच्या घरांत पाहुण्यांची रीघ लागते आणि दार दिवसभर उघडंच राहतं. मांजर निसटतं ते अशाच वेळी. पाहुणे यायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत ठेवावं. सोबत पाणी, खाणं, वाळूचा ट्रे आणि लपायला एखादं खोकं. दारावर ‘आत मांजर आहे, उघडू नये’ अशी चिठ्ठी लावली तर कुणी रागावत नाही.

खरा धोका पुष्पगुच्छात आणि पाहुण्यांच्या बॅगेत असतो. अंगावर पडलेले लिलीचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते. कांदा-लसूण आणि आरतीचा कापूरही दूरच बरा.

मुलांनी ओढून काढलं की मांजर बोचकारणारच. जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुऊन रेबीजच्या लसीसाठी लगेच डॉक्टरांकडे जावं.

निसटलंच, तर गावभर धावू नये. घाबरलेलं मांजर बहुतेकदा जवळच, सरपणाच्या ढिगात किंवा गाडीखाली दडतं. सामसूम झाल्यावर टॉर्च मारावा, डोळे चमकतात. आणि पाहुण्यांनी मुंबईची वाट धरण्याआधी गाडीच्या बॉनेटवर दोन थापा माराव्यात.