रेल्वेत दारू-नशेची टेस्ट कोण घेतं? टेस्ट घेणाऱ्याचीही होते कडक परीक्षा

रेल्वेचा लोको पायलट असो की गार्ड (आताचा ट्रेन मॅनेजर), ड्युटीवर हजर होताना त्याला लॉबीत मशीनमध्ये फुंकावं लागतं. रेल्वे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं. पण टेस्ट घेणाऱ्यानेच चूक केली तर? चुकीच्या आकड्याने घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी धोक्यात येते. टेस्ट ढिलाईने झाली, तर शेकडो प्रवाशांचा जीव टांगणीला लागतो. त्यामुळे टेस्ट घेणारा माणूस कसा तयार करायचा, याचे बारीकसारीक नियम अमेरिकेने केले आहेत. ते समजून घेण्यासारखे आहेत.

नियम कडक का झाले?

४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस इथे एकमेकांना जोडलेली तीन मालवाहू इंजिनं लाल सिग्नल ओलांडून मेन लाईनवर आली. मागून भरधाव आलेली प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ जणांचा जीव गेला. इंजिनवरचे दोघेही कर्मचारी गांजाच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाले. ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे घसरून ५ जण ठार झाले; तिचा मोटरमन दारू प्यायलेला होता. त्याच वर्षी वाहतूक कर्मचाऱ्यांच्या दारू-नशा तपासणीचा कायदा तिथल्या संसदेने मंजूर केला.

टेस्ट घेण्याचा अधिकार कसा मिळतो?

श्वासाची टेस्ट घेणाऱ्याला तिथे ब्रेथ अल्कोहोल टेक्निशियन म्हणतात. नुसतं साहेबांनी सांगितलं म्हणून कुणालाही हे काम करता येत नाही. त्यासाठीच्या अटी अशा:

• नियमांचं आणि जे मशीन वापरायचं त्याच मशीनचं प्रशिक्षण.
• जाणकार परीक्षकासमोर लागोपाठ ७ सराव टेस्ट, एकही चूक न करता.
• दर ५ वर्षांच्या आत पुन्हा उजळणी.
• टेस्ट घेणाऱ्याच्या चुकीमुळे टेस्ट रद्द झाली, तर ३० दिवसांत नव्याने प्रशिक्षण आणि ३ बिनचूक सराव टेस्ट.
• या सगळ्याची कागदपत्रं जपून ठेवायची, मागितली की दाखवायची.

आणखी एक महत्त्वाची अट आहे. कर्मचाऱ्याच्या थेट वरच्या साहेबाने त्याची टेस्ट घ्यायची नाही. दुसरं कोणी उपलब्धच नसेल तरच सवलत. जुनं भांडण टेस्टमध्ये येऊ नये, हा त्यामागचा विचार.

टेस्ट होते कशी?

नळी सीलबंद हवी आणि ती कर्मचाऱ्यासमोरच फोडायची. पहिला आकडा ०.०२ पेक्षा कमी आला, तर टेस्ट निगेटिव्ह. तेवढा किंवा जास्त आला तरी लगेच ठपका ठेवत नाहीत. कमीत कमी १५ मिनिटं थांबून दुसरी, पक्की टेस्ट होते. कारण माऊथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध घेतल्यावर काही वेळ तोंडात अल्कोहोल राहतं आणि आकडा फुगतो. या वेळात खायचं-प्यायचं नाही. दुसऱ्या टेस्टआधी मशीन कोरं चालवून ०.०० दाखवतं का, तेही बघतात.

दुसरा आकडा ०.०४ किंवा जास्त आला, तर नियमभंग धरला जातो. ०.०२ ते ०.०३९ आला, तर निदान ८ तास गाडीच्या सुरक्षेशी संबंधित काम देत नाहीत.

नशेच्या टेस्टला वेगळी तयारी

गांजा, अफू अशा नशेसाठी मुख्यतः लघवीचा नमुना घेतात. नमुना घेणाऱ्यालाही ५ बिनचूक सराव करून दाखवावे लागतात. त्यातले दोन साधे असतात, बाकी तीन अडचणीचे: नमुना कमी भरला, नमुन्याचं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर निघालं, किंवा कर्मचाऱ्याने सही करायला नकार दिला. अशा वेळी आवाज न चढवता नियमाने काय करायचं, हेच खरं शिक्षण. नमुना ४५ मिलीलीटर लागतो आणि तो दोन बाटल्यांत विभागून सील करतात. लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर खास नेमलेला डॉक्टर आधी कर्मचाऱ्याशी बोलतो. एखाद्या औषधामुळे तसं झालं का, हे तपासूनच निकाल पक्का होतो.

आपल्याकडे काय नियम आहे?

भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियम २.०९ प्रमाणे, गाडी चालवण्याशी थेट संबंध असलेल्या कर्मचाऱ्याने ड्युटीच्या आधी ८ तास दारू घ्यायची नाही. गुंगी आणणारी किंवा उत्तेजक औषधंही याच नियमात येतात. ड्युटीवर नशेत सापडल्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७२ मध्ये दंडाची तरतूद आहे; प्रवाशांच्या जिवाला धोका होईल अशी स्थिती असेल, तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हे लक्षात ठेवा

रेल्वेत लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या मुलांनी डॉक्टरकडे गेल्यावर आपलं काम काय ते आधी सांगावं. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते, काहींत अल्कोहोल असतं. चिठ्ठी आणि औषधाचं वेष्टन जपून ठेवावं. टेस्टच्या आधी माऊथवॉश टाळावा. मशीन फक्त आकडा दाखवतं. तो आकडा बरोबर यावा, यासाठी टेस्ट घेणारा शिकलेला हवा आणि देणाराही जागरूक हवा.