मोजून केलेल्या मोटारी

रायपूर येथील महंत घासीदास स्मारक संग्रहालयाची स्थापना १८७५ सालची. राजनांदगावचे अधिपती महंत घासीदास यांच्या दातृत्वातून उभी राहिलेली ही संस्था देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक होय. तेव्हा कोणती वस्तू जतन करावी आणि कोणती काळाच्या स्वाधीन करावी, हा प्रश्न या नगरीला नवा नाही. आज मात्र तो एका निराळ्याच वस्तूच्या संबंधाने विचारला जातो. ती वस्तू म्हणजे वेगवान मोटार, अर्थात स्पोर्ट्स कार. एखादा कारखानदार जाहीर करतो, की या बनावटीच्या अमुक इतक्याच गाड्या निघतील, त्यापुढे एकही निघणार नाही. गाडीवर अनुक्रमांकाची लहानशी पट्टी बसते आणि तिची किंमत चढते. यालाच ‘मर्यादित आवृत्ती’ असे म्हणतात. अशी गाडी खरोखर असामान्य असते काय? ती संग्राह्य ठरते काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी छत्तीसगडच्याच मातीतले एक उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. बस्तर भागात कोंडागावच्या परिसरातील एडेंगा येथे १९३९ साली ३२ सुवर्णमुद्रांचा ठेवा सापडला. नागपूरचे विख्यात संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. त्यात वराहराजाची २९, अर्थपतीची २ आणि भवदत्ताचे केवळ १ नाणे होते. पातळ सोन्याच्या पत्र्यावर मागील बाजूने ठोकून उठाव आणलेल्या या मुद्रांनी नल राजवंशाच्या इतिहासाला प्रत्यक्ष पुराव्याचा आधार दिला. त्यांचे मोल केवळ सोन्यात नाही आणि केवळ संख्येतही नाही. एरवी अंधारात राहिलेल्या एका कालखंडाविषयी त्या काही सांगतात, म्हणून त्या मोलाच्या. राजाने टाकसाळीला ‘इतकीच नाणी पाड’ असे सांगितले म्हणून त्या दुर्मिळ झाल्या नाहीत. शतकांच्या ओघात बाकीच्या हरवल्या वा वितळल्या आणि एवढ्या उरल्या.

हाच निकष मोटारीला लावून पाहता येतो. त्यासाठी मराठी राजकुळांपैकी इंदूरच्या होळकरांचे उदाहरण समर्पक आहे. दुसरे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले. आधुनिक कलेचे ते मोठे रसिक होते. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी बांधवून घेतलेला माणिकबाग राजवाडा त्याची साक्ष देतो. याच रसिकतेने त्यांनी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची एक मोटार घेतली. ही कंपनी बहुधा चासी आणि इंजिन तेवढे देई. बॉडी ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावी, असा तेव्हाचा रिवाज होता. होळकरांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने घडवली. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती सुमारे ३२० अश्वशक्ती होती.

ही गाडी एकमेव ठरली, परंतु ‘एकमेव’ म्हणून ती विक्रीस मांडलेली नव्हती. एका मनुष्याची आवड, एका कारागिराचे कौशल्य आणि एका कंपनीचे यंत्रज्ञान यांचा तो संगम होता. पुढे इतिहासाने आपले काम केले. ‘जे’ मालिकेच्या पाचशेहूनही कमी गाड्या काढून ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ साली बंद पडली. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. कालांतराने ती मोटारही अमेरिकेत परतली. आज ती पाहणाऱ्यास एक संपलेले युग दिसते. तिचे मोल आहे ते त्या युगाचे.

याउलट ज्यांची संख्या आधीच घोषित झाली, अशा गाड्यांचा इतिहास मनोरंजक आहे. इटलीच्या फेरारी कंपनीने १९८७ साली ‘एफ-४०’ ही गाडी आणली, तेव्हा सुमारे ४०० गाड्या काढण्याचा विचार होता. मागणी वाढली आणि अखेरीस १,३०० हून अधिक निघाल्या. तरीही संग्राहकांनी तिला अंतर दिले नाही. संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ती शेवटची गाडी होती. इंग्लंडच्या जग्वार कंपनीने १९८८ साली ‘एक्सजे-२२०’ दाखवली आणि संख्या ३५० वर बांधली. लोकांनी ५०,००० पौंडांचा बयाणा भरून रांगा लावल्या. परंतु दाखवलेल्या १२ सिलिंडरांच्या इंजिनाऐवजी प्रत्यक्षात ६ सिलिंडरांचे आले आणि मध्यंतरी मंदीही आली. अनेकांनी सौद्यातून अंग काढून घेण्याची धडपड केली. जाहीर केलेली ३५० ची मर्यादाही गाठली गेली नाही. एकीकडे मर्यादा मोडूनही मान टिकला. दुसरीकडे मर्यादा असूनही गिऱ्हाईक टिकले नाही. फेरारीच्याच ‘२५० जीटीओ’ या १९६२ ते १९६४ मधील शर्यतीच्या गाड्या अवघ्या ३६. शर्यतींचे दिवस सरल्यावर त्या जुन्या गाड्यांच्या भावाने हातोहात फिरल्या. त्यांतलीच एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. त्या ३६ गाड्या शर्यती जिंकण्यासाठी घडल्या होत्या, तिजोरीत ठेवण्यासाठी नव्हे.

आपल्याकडेही हे प्रयोग झाले. गोव्यात १९९८ साली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची उघड्या छताची मोटार निघाली. पुण्याजवळ तयार होणारी ‘अवंती’ २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली. पुढे तिचीच ‘३१०’ ही ३१ गाड्यांची मर्यादित आवृत्ती जाहीर झाली. त्यांच्या आधी इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ नावाच्या लहान मोटारीचे नमुने स्वहस्ते घडवले. ती सामान्य कुटुंबासाठी, पुष्कळ संख्येने निघावी अशी त्यांची इच्छा. पण कारखाना उभा राहिला नाही आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच नमुने झाले. संख्येचा विचार करता मीरा ही अवंतीहूनही दुर्मिळ. परंतु तिच्यावर अनुक्रमांकाची पट्टी कोणी बसवली नाही.

या बाबतीत आपला कायदाही बोलका आहे. २०२१ साली केंद्र शासनाने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकास पात्र ठरते. एकूण किती गाड्या निघाल्या होत्या, हे नियम विचारीत नाही. त्याच वर्षी निकामी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतची पस्तीस वर्षे गाडी जगते ती केवळ मालकाच्या ममतेवर. याच काळात मूळ इंजिन बदलले जाते, कागदपत्रे गहाळ होतात, सुटे भाग मिळेनासे होतात. न चालवता झाकून ठेवलेल्या गाडीचेही रबर कडक होते आणि टाकीतले इंधन बिघडते. संख्येची पट्टी यांतले काहीच थांबवू शकत नाही.

तेव्हा मर्यादित आवृत्ती विकत घेणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे, की कारखानदार त्याला संख्येची हमी देतो, मोलाची नव्हे. गाडी चांगली घडली असेल, चालवण्यात आनंद असेल, तर ती जरूर घ्यावी. पण एखाद्या घरच्या पडवीत आजोबांची साधी मोटार मूळ इंजिनासह आणि नोंदणीपुस्तकासह उभी असेल, तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी तिचा पुन्हा विचार व्हावा. एडेंग्याच्या ठेव्यात भवदत्ताचे जे एक नाणे उरले, तेही ठेवणाऱ्याला त्या काळी साध्या चलनाचेच वाटले असेल.