जंगलातली एक फेरी

मागच्या शनिवारी धाकट्या भावाला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो होतो. गावचं घर विकायचं की ठेवायचं, हा विषय आमच्याकडे वर्षभर लटकलेला. फोनवर काढला की दोघांचेही आवाज चढतात, जेवताना काढला की आई ताट घेऊन आत जाते. टेकडीवर मात्र चढ लागला, दम लागला, बोलणं आपोआप तुटक झालं, आणि खाणीपाशी पोचेस्तोवर साहेबांनी चक्क "तुझं म्हणणं अगदीच चूक नाहीये" असं वाक्य उच्चारलं! मला एकदम पॉल निट्झ आठवला.

आता हा कोण? तर सांगतो. वीकांताला दुसरं काम तरी काय असतं मला :-)

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत युनियनने एसएस-२० नावाची नवी क्षेपणास्त्रं उभी करायला सुरुवात केली. एकेकावर तीन अण्वस्त्रं, पल्ला पाचेक हजार किलोमीटर, आणि चाकांवर फिरणारी. म्हणजे अख्खा पश्चिम युरोप टप्प्यात. यावर डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने ठरवलं की युरोपात अमेरिकेची १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं आणायची, आणि ती येईपर्यंत वाटाघाटीही करायच्या. यातल्या पर्शिंगची मॉस्कोला खरी धास्ती होती, कारण पश्चिम जर्मनीतून सुटल्यावर ते काही मिनिटांत सोव्हिएत हद्दीत पडलं असतं.

३० नोव्हेंबर १९८१ ला जिनिव्हात बोलणी सुरू झाली. अमेरिका म्हणे, तुम्ही सगळी एसएस-२० मोडा, मग आम्ही आमची आणतच नाही. सोव्हिएत म्हणे, आमची आहेत ती मोडायची आणि बदल्यात तुम्ही नसलेली द्यायची, हा कुठला व्यवहार? शिवाय ब्रिटन-फ्रान्सची अण्वस्त्रं का मोजत नाही? झालं. टेबलाच्या एका बाजूला एक शिष्टमंडळ, समोर दुसरं, आणि राजधानीतून मंजूर होऊन आलेली निवेदनं वाचून दाखवायची. (ज्यांनी क्लायंटबरोबरचे 'स्टेटस कॉल' केले आहेत त्यांना जास्त सांगायला नको.)

अमेरिकेच्या बाजूने होता निट्झ, वय ७५. हा काही कबुतरं उडवणारा माणूस नव्हे. १९५० साली सोव्हिएत युनियनविरुद्ध प्रचंड शस्त्रसज्जता करा असं सांगणारा जो गाजलेला सरकारी दस्तऐवज आहे, तो मुख्यतः याच्याच हातचा. समोर युली क्वित्सिन्स्की, पंचेचाळिशीचा, जर्मनीच्या प्रश्नाचा जाणकार. म्हणजे निट्झच्या मुलाच्या वयाचा.

१६ जुलै १९८२ ला हे दोघं गाडीने जिनिव्हाबाहेर निघाले आणि जुरा डोंगरात, फ्रान्सच्या हद्दीजवळ सँ-सेर्ग नावाचं गाव आहे तिथे वर गेले. ड्रायव्हरला सांगितलं, खाली जाऊन थांब. आणि उतारावरून चालायला लागले. ना दुभाषे, ना टिपणं घेणारे, ना सल्लागार. बोलत बोलत एका पडलेल्या ओंडक्यावर बसले. निट्झने घरून तयारी करून आणली होती, त्याने खिशातून कागद काढले आणि एकेक मुद्दा वाचायला घेतला. क्वित्सिन्स्कीने दुरुस्त्या सुचवल्या. तेवढ्यात पाऊस आला. मग दोघं गाडीत जाऊन बसले आणि उरलेलं तिथे पुरं केलं.

काय ठरलं? युरोपात दोघांचे ७५-७५ लाँचर. अमेरिकेच्या क्रूझ लाँचरवर चार-चार क्षेपणास्त्रं, म्हणजे ३००. सोव्हिएत एसएस-२० वर तीन-तीन अण्वस्त्रं, म्हणजे २२५. अमेरिकेला आकडा मोठा मिळाला, पण क्रूझ संथ, विमानासारखं जाणारं. आणि त्या बदल्यात पर्शिंग-२ आणायचंच नाही! आशियातल्या एसएस-२० ना ९० वर लगाम. मला विचाराल तर फार सुबक तडजोड होती. ज्याला ज्याची भीती जास्त, ते त्याच्या डोक्यावरून काढलं.

पण मला त्याहून आवडतो तो त्या कागदाचा दर्जा. हा अमेरिकेचा प्रस्ताव नव्हता आणि सोव्हिएत युनियनचाही नव्हता. दोघांनी मिळून केलेला, दोन्ही सरकारांनी फक्त विचार करावा म्हणून. कोण आधी वाकलं, हा प्रश्नच ठेवला नाही. बंद खोलीत हे जमणं कठीण, कारण तिथे प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी नावावर लिहिलं जातं. चालताना माणसं समोरासमोर नसतात, शेजारी-शेजारी असतात. नजर वाटेवर असते. मध्येच गप्प झालं तरी त्याचा अर्थ कुणी लावत नाही, चढ आहे म्हणून गप्प! आणि डोकंही जरा मोकळं होतं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना नव्वद मिनिटं झाडाझुडपांतून आणि काहींना रहदारीच्या रस्त्याने चालवलं होतं, तर झाडांतून आलेल्यांचं मनातल्या मनात तेच तेच उगाळणं कमी झालेलं दिसलं. वाटाघाटींत निम्मा वेळ दुसरं काय चालतं?

असो. पुढे काय झालं, तर दोन्ही राजधान्यांनी नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये पर्शिंग सोडायची तयारी नव्हती, आणि निट्झने एवढं सगळं कुणाला विचारून केलं हाही राग होता. सप्टेंबरच्या अखेरीस क्वित्सिन्स्की मॉस्कोहून परतला तो नकार घेऊनच. नोव्हेंबर १९८३ मध्ये क्षेपणास्त्रं युरोपात आली आणि सोव्हिएत शिष्टमंडळ बोलणी सोडून निघून गेलं.

नकार देणारे मूर्ख होते असं म्हणायचा मोह होतो, पण ते तितकं सोपं नाही. ८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी सही केली ती शून्यावरच. पुढे दोन्हीकडची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली. (तो करार २०१९ मध्ये संपला.) गंमत म्हणजे त्या दोघांचीही पहिली भेट जिनिव्हातच, १९ नोव्हेंबर १९८५ ला, आणि दुपारचं बोलणं तापल्यावर रेगनने सुचवलं, जरा मोकळ्या हवेत जाऊ या. तळ्याकाठच्या छोट्या घरापर्यंत चालत गेले, शेकोटीपाशी बसले. तिथेही शस्त्रांवर एकमत झालं नाहीच. पण परत येताना वाटेत एकमेकांना वॉशिंग्टन आणि मॉस्कोचं आमंत्रण देऊन मोकळे! दोन्हीकडचे अधिकारी चकित. इथे फरक एवढाच की चालणारे स्वतःच मालक होते, कुणाला विचारायला जायचं नव्हतं.

निट्झ-क्वित्सिन्स्कीच्या फेरीवर ली ब्लेसिंगने नाटक लिहिलं. त्याचं भारत-पाकिस्तान रूप नसीरुद्दीन शाह आणि रजित कपूर करायचे. अमेरिकेच्या जागी भारत घातला तरी नाटक बिघडत नाही, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

आमच्या टेकडीवर ठरलं ते असं, की घर विकायचं नाही, मागची पडवी पाडायची आणि खर्च निम्मा-निम्मा. खाली आलो, गरम भजी खाल्ली, घरी जाऊन मोठ्या उत्साहात आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडवीतला झोपाळा कुठे टांगणार?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. येत्या शनिवारी तिलाही घेऊन जायचं आहे. टेकडी तिच्या गुडघ्यांना झेपायची नाही, म्हणून एम्प्रेस गार्डन.