पर्यायी वनीकरण निधी (कॅम्पा)

वनजमीन खाण, धरण, रस्ता अशा वनेतर कामासाठी वळवताना प्रकल्प यंत्रणेकडून वसूल केलेल्या रकमेचा भारतातील सार्वजनिक निधी. वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार अशा वळतीकरणाला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. पर्यायी लागवडीचा खर्च आणि तोडल्या जाणाऱ्या वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ (वनाच्या भावी लाभांची आजची किंमत) प्रकल्पाने भरायचे असते. वनरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्वतंत्र निधीचा आदेश दिला. पैसा मात्र वर्षानुवर्षे पडून राहिला. पर्यायी वनीकरण निधी अधिनियम, २०१६ ने राज्यांचा वाटा ९० टक्के ठरवला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांकडे सुमारे ४७,००० कोटी रुपये वर्ग केले.

या निधीतून रोपवन, वणवा नियंत्रण, मृद व जलसंधारण, वन्यजीव अधिवास सुधारणा ही कामे होतात. मूळ अडचण वनाच्या नुकसानीच्या मोजमापाची आहे. शेकडो वर्षांच्या मिश्र वनाची जागा एकसुरी रोपवन घेऊ शकत नाही. मोह, तेंदू, चारोळी, मध यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे नुकसान तर दूरच्या लागवडीने मुळीच भरून निघत नाही. वनहक्क अधिनियम, २००६ ने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा अधिकार दिला असताना, २०१६ च्या अधिनियमात लागवडीसाठी तिची संमती बंधनकारक केलेली नाही. ही त्यातील सर्वांत गंभीर उणीव होय.