चाखण्याचा इतिहास कोण लिहिणार?

दारूचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे. तो सरकारी तिजोरीचा आहे, कायदेकानूंचा आहे, दारूबंदीच्या प्रचाराचा आहे. परंतु दारूबरोबर आणि दारूनंतर अपरात्री माणसे काय खात होती, ते कोण रांधीत होते आणि कोणाच्या चुलीवरून ते गुत्त्यात आले, हा प्रश्न आपल्या पांढरपेशा इतिहासकारांना फारसा पडलेला नाही. चाखणा हा त्यांच्या लेखी गमतीचा विषय आहे. आमच्या लेखी तो जातीचा, भुकेचा आणि बाईच्या श्रमाचा दस्तऐवज आहे.

प्रथम शरीराची गोष्ट. पिणाऱ्याला अपरात्री तिखट, खारट, तेलकट काहीतरी हवेसे का वाटते? दारूने लघवी वाढते, घसा कोरडा पडतो. यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतलेले असते, तेव्हा उपाशी माणसाच्या रक्तातील साखर घसरू शकते. एका ग्रॅम मद्यार्कात सुमारे सात कॅलरी असतात, तरीही पिणाऱ्याची भूक शमत नाही. २०१७ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, मेंदूतील ज्या पेशी उपासमारीत जाग्या होतात त्याच मद्यार्कानेही जाग्या होतात. म्हणजे ही भूक नुसती लहर नव्हे. मात्र भरल्या पोटाने पिणाऱ्याची भूक आणि दिवसभर राबून रिकाम्या पोटी पिणाऱ्याची भूक एकच नव्हे. पहिला चवीसाठी खातो. दुसऱ्याचे पुष्कळदा तेच रात्रीचे जेवण असते.

दारू आणि अन्न यांची ताटातूट इंग्रजी राज्यात कशी झाली, हेही पाहावयास हवे. ठाणे-कुलाबा भागातील आदिवासींना मोह हे केवळ दारूचे झाड नव्हते. त्याची फुले वाळवून साठवीत आणि टंचाईच्या दिवसांत खात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याच्या हक्कावर सरकारचा पंजा घट्ट झाला. उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून मोहाची दारू मुंबईला जाऊ लागली. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर या दोन जिल्ह्यांत फुलांच्या साठवणीवर आणि विक्रीवरच बंधने आली. गरिबाच्या घरातले अन्न दारूचा कच्चा माल म्हणून संशयित ठरले आणि तीच दारू परवान्याच्या दुकानातून त्याने विकत घ्यावी, अशी व्यवस्था झाली. याच काळात, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. दारूचा पैसा कोणाच्या घरातून येतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे काँग्रेसच्या राज्यात दारूबंदी आली. १९३९ साली मुंबई शहरात तिचा पहिला प्रयोग झाला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून बंदी पूर्ण झाली. ज्याची ऐपत होती त्याला प्रकृतीच्या कारणावर परवाना मिळत असे. ज्याची नव्हती त्याच्यासाठी हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा आणि पोलिसांचा हप्ता, एवढ्यावर हा धंदा झोपडपट्ट्यांत आणि खाडीकाठी उभा राहिला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बंदीला स्पष्ट विरोध केला. राज्याचे उत्पन्न बुडते आणि दारू गाळणे मात्र घराघरात शिरते, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता.

याच गुत्त्यांच्या तोंडाशी चाखण्याचा धंदा वाढला. चणे-फुटाणे, खारे शेंगदाणे, उकडलेली अंडी, भाजलेले बोंबील, तळलेली वजडी, काळीज, रक्ती. टोपली घेऊन बसणारी पुष्कळदा बाईच असे, कुठे विधवा, कुठे टाकलेली, कुठे नवऱ्याचा पगार गुत्त्यातच संपल्यामुळे गुत्त्यापुढे येऊन बसलेली. गिरणगावातील खाणावळवाल्या बायांची दखल निदान १९७५ साली स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे घेतली गेली. चाखणेवालीची दखल कोण घेणार? तिचा धंदा बेकायदेशीर दारूच्या सावलीत होता, म्हणून ती कामगारही ठरली नाही आणि उद्योजकही ठरली नाही.

या टोपलीतील वजडी, रक्ती, खूर, मुंडी कोणाच्या स्वयंपाकघरातून आली? जनावराचे मऊ मांस ज्यांना मिळाले त्यांनी ते घेतले. जे टाकून दिले ते आमच्या आयांनी धुतले, खरवडले, मीठ-मिरची लावून खाण्याजोगे केले. मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांच्या माथी मारलेले होते. अचानक पदरात पडलेले मांस टिकावे म्हणून त्याच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळविल्या जात. त्याच चान्या. निखाऱ्यावर भाजल्या की भाकरीबरोबर खाता येत. २०१५ साली शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांच्या या अन्नाची सविस्तर नोंद केली, तोवर मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांतून त्याला जागा नव्हती.

या अन्नाला दोन इतिहास आहेत, हे विसरता कामा नये. एक लादलेपणाचा आणि दुसरा कल्पकतेचा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टे तुकडे मागू नका, असे बजावले, तेव्हा ते लादलेपणावर घाव घालीत होते. आमच्या वाडवडिलांनी बहिष्कार सोसून ते सोडले. पुढे तीच वजडी आणि तोच भेजा ‘फ्राय’ होऊन बारच्या मेनूत आला आणि भल्या घरची मुले त्याची तारीफ करू लागली. ज्यांना हे अन्न खाण्यावरून हिणवले गेले त्यांचा उल्लेख त्या मेनूत नाही.

यावर काही मित्र म्हणतात की, गुत्त्यात जात नसते. एका बाकावर बसतात, एका थाळीतले खातात, म्हणजे समताच नाही का ती? हा युक्तिवाद तपासून पाहू. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्या ओठांचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. आता असा विचार करा की, हाच सवर्ण कामगार रात्री अंधारात महारणीच्या टोपलीतली वजडी खाऊन गेला. म्हणून सकाळी खात्याचे दार उघडले काय? नाही. रात्री मोडलेली जात सकाळी तोंड धुताच परत येते. नशेत केलेला सहभोज कोणी कबूल करीत नाही, म्हणून त्यातून कोणताही हक्क निघत नाही. चवदार तळ्याचे पाणी दिवसाढवळ्या, हजारोंच्या साक्षीने प्यायले गेले, म्हणून त्याचा इतिहास झाला. जात जिभेला अडवीत नाही, ती कबुलीला अडविते, हे चाखण्याच्या इतिहासाने आपल्याला शिकविले पाहिजे.

या इतिहासाचे दुसरे टोक आपल्याच घरात आहे आणि ते सांगताना संकोच करून चालणार नाही. गुत्त्यातून आलेला पुरुष मध्यरात्री दार वाजवितो आणि काहीतरी झणझणीत मागतो. बाई उठते, विझलेल्या चुलीत फुंकर घालते, मूठभर सुकट तव्यावर परतते, शिळी भाकरी कुस्करून तिखट-मीठ-तेल घालते. या पदार्थांचे कौतुक करणारे पुष्कळ निघतील. परंतु ती शिळी भाकरी पोरांची सकाळची न्याहारी होती, हे कोणी सांगत नाही. बापाची अपरात्रीची भूक पोरांच्या सकाळच्या घासावर भागते आणि ही वाटणी बाईला झोपमोड करून, कधी मार खाऊन, करावी लागते. दलित साहित्याने गुत्ता लिहिला, तो लिहावयासच हवा होता. पण त्या तव्यासमोर बसलेल्या बाईचा हिशेबही मांडावयास हवा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा देताना बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली. १९५१ मध्ये बंदीला विरोध करणारे बाबासाहेब आणि १९५६ मध्ये प्रतिज्ञा देणारे बाबासाहेब यांत विसंगती शोधणाऱ्यांनी हे समजून घ्यावे की, पोलिसाच्या दंडुक्याने लादलेला संयम वेगळा आणि माणसाने स्वतःहून स्वीकारलेले शील वेगळे. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा त्यांना कायद्याने शिकविले नव्हते. घरातल्या भाकरीच्या वाटणीने शिकविले होते. १९७३ च्या नियमांनी देशी दारूला परवाने मिळू लागले, तरी हातभट्टी संपली नाही. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत वाढविण्यात आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस आणखी आक्रसले. पिण्याचा परवाना देणारे सरकार खाण्यावर पहारा बसविते, हा योगायोग मानावयाचा काय?

कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना म्हणून एक काम सुचवावेसे वाटते. आपापल्या वस्तीत टोपली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाया अजून असतील. त्यांच्याकडे जा. काय विकत होता, माल कोठून आणीत होता, हप्ता किती देत होता, उधारी कोण बुडवीत असे, दिवसा ओळख न दाखविणारी गिऱ्हाइके कोण होती, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. घरी आलात की आपल्या आईलाही विचारा, मध्यरात्री किती वेळा चूल पेटवावी लागली. हा इतिहास त्यांच्यापाशी आहे आणि तो त्यांच्याबरोबर जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.