बिलाचा नमुना कुणाचा? खुल्या मानकांचा इतिहास वाचताना

संशोधनाचा विषय शोधताना ‘मानक’ किंवा ‘स्टँडर्ड’ असा शब्द दिसला की बहुतेक जण पान उलटतात. मीही उलटलं होतं. पण एक साधी गोष्ट डोळ्यांसमोर आणा. एका कंपनीचा संगणक खरेदीची ऑर्डर तयार करतो, ती छापली जाते, टपालाने जाते, आणि दुसऱ्या कंपनीतला कारकून तीच ऑर्डर पुन्हा आपल्या संगणकात टाइप करतो. दोन्हीकडे संगणक असूनही मध्ये कागद! हा कागद काढायचा तर दोन्ही यंत्रांना कळेल असा एकच नमुना हवा. तो नमुना कोण ठरवणार, यावर साठेक वर्षं ओढाताण चालू आहे. आजची पोस्ट त्याबद्दल.

सुरुवात बहुतेक पुस्तकांत बर्लिनपासून होते. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा विमानांनी सुमारे २३ लाख टन माल पोहोचवला गेला. मालाच्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत आणि भाषांत यायच्या. अमेरिकी लष्करातल्या एडवर्ड गिल्बर्ट यांनी सहकाऱ्यांसोबत टेलेक्स, रेडिओ किंवा फोन, कशावरूनही पाठवता येईल अशी एकसारखी यादी बसवली. पुढे गिल्बर्ट ड्युपाँ या रसायन कंपनीत गेले आणि १९६० च्या दशकात तोच विचार त्यांनी मालवाहतुकीला लावला. १९६८ मध्ये वाहतूक कंपन्यांची समन्वय समिती झाली, १९७५ मध्ये तिने पहिली मानकं छापली, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने एक्स-१२ ही समिती नेमली. या सगळ्याला नाव पडलं ईडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज.

आता गंमत बघा. सगळ्यांसाठी एक नमुना हवा म्हणून सुरू झालेल्या कामातून ढीगभर नमुने निघाले. अमेरिकेत एक्स-१२, ब्रिटनच्या किरकोळ व्यापारात ट्रेडाकॉम्स, जर्मन वाहन उद्योगाचा व्हीडीए. ही भांडणं मिटवायला संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एडिफॅक्ट तयार झालं आणि त्याची वाक्यरचना १९८७ मध्ये आयएसओ ९७३५ म्हणून मान्य झाली. पण एडिफॅक्टचा संदेश उघडून पाहिलात तर डोकं गरगरतं: एनएडी म्हणजे नाव-पत्ता, एलआयएन म्हणजे मालाची एक ओळ, मध्ये अधिकची चिन्हं, शेवटी अवतरणचिन्ह. टेलिफोन लाइन महाग असताना प्रत्येक अक्षर वाचवणं शहाणपणाचंच होतं. मध्यस्थ नेटवर्क कंपन्या तर हजार अक्षरांमागे पैसे घ्यायच्या.

हा खर्च मोठ्या खरेदीदाराला परवडायचा, कारण त्याचे पुरवठादार शेकडो. ज्याचे ग्राहक तीनच आहेत अशा छोट्या पुरवठादाराला मात्र तीन ग्राहकांचे तीन प्रकार सांभाळावे लागायचे. मानक कागदावर एकच असलं तरी त्यातले कुठले रकाने भरायचे हे खरेदीदार ठरवायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, ऑर्डर जायची.

म्हणून कुठल्याही मानकाबद्दल कुणी ‘खुलं’ म्हणालं की मी लगेच विचारते, कुणासाठी? एक्स-१२ च्या समितीत सभासद होता येतं, पण मानकाची प्रत विकत घ्यावी लागते. प्रत फुकट मिळाली तरी कुणाचं पेटंट मध्ये आडवं येऊ शकतं. हे काल्पनिक नाही. १९९८ मध्ये एक्सएमएल आलं, आणि दोनेक वर्षांत अरिबा, कॉमर्स वन, मायक्रोसॉफ्ट असे सगळे आपापल्या व्यापारी शब्दसंग्रहांसह उभे राहिले. त्यातून वाट काढायला संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि ओएसिस यांनी १९९९ च्या अखेरीस ईबीएक्सएमएल सुरू केलं आणि मे २००१ मध्ये व्हिएन्नात ते मंजूर झालं. पुढच्याच एप्रिलमध्ये आयबीएमने सांगितलं की त्याच्या एका भागावर आपला पेटंटचा दावा असू शकतो. ओरड झाली, आणि रॉयल्टी मागणार नाही असं कंपनीला लगेच स्पष्ट करावं लागलं. हा प्रसंग छोटा आहे, पण ‘खुलं’ या शब्दात काय काय दडलेलं असतं ते इतकं उघडं क्वचितच दिसतं.

ऑर्डर, पोचपावती, बिल यांचे प्रत्यक्ष नमुने यूबीएलने दिले. त्या समितीचे प्रमुख होते जॉन बोसाक, ज्यांनी आधी एक्सएमएल घडवणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं होतं. यूबीएल कुणीही फुकट उतरवून घ्यावं, रॉयल्टी न देता वापरावं. इथे माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एक सुबक तक्ता केला होता: यूबीएल १.० नोव्हेंबर २००४, त्यात ८ प्रकारची कागदपत्रं, २.० डिसेंबर २००६, ३१, २.१ २०१३, ६५. गाइडने तो पाहून एवढंच विचारलं, “छापलं कधी ते कळलं. वापरलं कधी?”

उत्तर शोधताना डेन्मार्क सापडलं. १ फेब्रुवारी २००५ पासून तिथल्या सरकारी कार्यालयांना बिल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच देणं सक्तीचं झालं, आणि त्यासाठी घेतलेला आधार होता यूबीएलचा ०.७ हा कच्चा मसुदा! म्हणजे वापर आधी ठरला, पक्कं मानक नंतर आलं. २.० मध्ये युरोपातल्या सरकारी खरेदीच्या गरजा शिरल्या, आणि ते १.० शी जुळणारं राहिलं नाही. माझ्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. ज्या छोट्या पुरवठादारांना हे जमत नव्हतं त्यांच्यासाठी कागदी बिल स्कॅन करून देणाऱ्या सेवा होत्या. कागद गेला नाही, फक्त एक टप्पा पुढे सरकला.

‘एक्सएमएल आलं आणि जुनं ईडीआय संपलं’ हे वाक्यही कुठे वाचलंत तर जरा थांबा. अमेरिकेत आरोग्यविम्याचे इलेक्ट्रॉनिक दावे आजही कायद्याने एक्स-१२ च्याच नमुन्यात जातात.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर जीएसटीचं ई-इन्व्हॉइस बघा. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींवरच्या उलाढालीसाठी सक्तीचं झालं, ऑगस्ट २०२३ पर्यंत मर्यादा ५ कोटींवर आली. त्याचा साचा जेसनमध्ये आहे, पण आखताना आधार यूबीएल आणि युरोपातल्या पेपॉलचा घेतलेला. भोसरीतल्या वर्कशॉपचा अकाउंटंट जे रकाने भरतो, त्यांतल्या काहींचं मूळ या समित्यांमध्ये सापडतं.

यावर काम करायचं मनात असेल तर मानकाच्या मजकुरापेक्षा समितीची इतिवृत्तं आधी काढा. ओएसिसची उघडी आहेत. यूबीएलच्या बैठका फोनवर व्हायच्या, आणि जगाच्या वेळा जुळत नसल्याने त्यांचे दोन भाग असायचे, एक अटलांटिक कॉल आणि एक पॅसिफिक. हजर असलेल्यांची नावं लिहून काढा, कोण कंपनीकडून, कोण सरकारकडून, कोण स्वतःच्या हिमतीवर आलं ते नोंदवा. वर्कशॉपवाला त्या यादीत सापडणं अवघड. त्याच्यासाठी इतिवृत्तं बाजूला ठेवून भोसरीला जावं लागेल, शक्यतो महिन्याची वीस तारीख टाळून. त्या दिवशी अकाउंटंटला रिटर्न भरायचं असतं.